मोजणीवर अडलेली कुत्र्यांची गाडी: माझा अनुभव

भटक्या कुत्र्यांची नसबंदी म्हटलं की लोकांना वाटतं, कुत्री पकडणं अवघड असणार. पकडणारे हुशार असतात, ऑपरेशनही होऊन जातं. गाडं अडतं ते काढलेले अवयव न कुजता टिकावेत म्हणून ज्यात ठेवतात त्या फॉर्मॅलिनच्या पिंपापाशी, त्या अवयवांच्या मोजणीवर. बेळगाव जिल्ह्यातल्या ज्या नगरपालिकेत मी हे काम करून घेतलं, तिचं नाव घेत नाही. नावानं काही साधत नाही, आणि उद्या परत त्याच टेबलाशी जायचंय.

आधी अर्जाचं सांगतो. ‘कुत्र्यांचा त्रास आहे, उचलून न्या’ असं लिहू नका. असा अर्ज तक्रार म्हणून चढतो आणि ‘नियमात बसत नाही’ असा शेरा मारून निकालात निघतो. प्राणी जन्मनियंत्रण नियम, 2023 प्रमाणे कुत्रं पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची आणि जिथून उचललं तिथंच आणून सोडायचं. सर्वोच्च न्यायालयानं 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात तेच कायम ठेवलं. रेबीज झालेलं, तसा संशय असलेलं आणि आक्रमक कुत्रं तेवढं वगळलं. शाळा, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशन यांच्या आवारातली कुत्री परत तिथं सोडायची नाहीत, हे 7 नोव्हेंबर 2025 च्या आदेशात आलं. तुमची तक्रार शाळेच्या आवाराची असेल तर या दुसऱ्या आदेशाची झेरॉक्स जोडा. गल्लीची असेल तर विषयाच्या ओळीत ‘नसबंदी व रेबीज लसीकरणाबाबत’ एवढंच लिहा. अर्ज कानडीत टाईप करून द्या आणि पाठीमागं मराठी प्रत जोडा. मराठी एकट्या अर्जाला पोच मिळवताना जो वेळ जातो, तो भांडण म्हणून योग्य असेल, पण कुत्र्यांच्या कामाला परवडत नाही.

हद्द आधी बघून घ्या. बेळगावातच महापालिका वेगळी, कॅम्पातलं कँटोन्मेंट बोर्ड वेगळं, कडेच्या हिंडलगा-कंग्राळीच्या ग्रामपंचायती वेगळ्या. रस्त्याच्या अलीकडं एकाची हद्द, पलीकडं दुसऱ्याची, आणि कुत्री दोन्हीकडची. अशा ठिकाणी दोन्ही कचेऱ्यांत एकाच दिवशी अर्ज द्या आणि दुसऱ्या कचेरीच्या अर्जात पहिलीचा इनवर्ड नंबर घाला. नियम केंद्राचे आहेत, त्यामुळे कर्नाटकातल्या बाचीत लागू तेच सीमेपलीकडं महाराष्ट्रातल्या शिनोळीत लागू. दार तेवढं बदलतं.

आता गाडीचं. अर्ज मंजूर, यादीत वॉर्ड आला, तरी गाडी येत नाही. काउंटरवर विचारलं की गाडी नादुरुस्त, ड्रायव्हर रजेवर, पाऊस. यातलं काहीच खरं नसतं. खरं कारण बिल.

नसबंदीचं काम ठेक्यानं दिलेलं असतं आणि संस्थेला दर कुत्र्यामागं पैसे मिळतात. कुत्र्याचं ऑपरेशन खरंच झालं की नुसतं वहीत, हे कळावं म्हणून काढलेले अवयव फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचे. देखरेख समितीच्या माणसांसमोर ते मोजायचे, नोंदवहीशी ताळा घालायचा, सह्या करायच्या, मग नष्ट करायचे. वहीत 40 माद्या आणि 30 नर असतील तर पिंपातून 40 गर्भाशयं अंडाशयांसकट आणि 60 वृषण निघायला हवेत. पद्धत उत्तम आहे. ती नसेल तर कागदावर अख्ख्या तालुक्याची नसबंदी करता येईल.

पण मोजायला माणसं यावी लागतात. समितीवर मुख्याधिकारी, आरोग्य खात्याचं कोणी, पशुसंगोपनचं कोणी, प्राणीमित्र संस्थांचे लोक. पशुवैद्य लाळ-खुरकूतच्या मोहिमेवर, हेल्थ इन्स्पेक्टर डेंग्यूच्या मागं, साहेबांची बदली झालेली आणि नवीन साहेबांनी चार्ज घेतलेला नाही. प्रत्येक जण दुसऱ्याच्या तारखेची वाट बघतो. टेबलावरून उत्तर एकच, ‘नाळे बर्री’, म्हणजे उद्या या. मोजणी नाही म्हणून दाखला नाही, दाखला नाही म्हणून बिल नाही. बिल नाही म्हटल्यावर संस्था पकडणाऱ्यांचा पगार थांबवते, ती माणसं दुसऱ्या कामाला जातात आणि गाडी शेडमध्ये उभी राहते. आमच्या अर्जात काही खोट नव्हती, पण तो दुसऱ्याच वॉर्डाच्या न मोजलेल्या पिंपांखाली दबला होता.

ते पिंप बघण्यासारखे आहेत. निळे प्लास्टिकचे, झाकणाला चिकटपट्टी, वर मार्करनं तारखा. झाकण उघडलं की डोळे चुरचुरतात. मोजणी लांबली की जागा पुरत नाही, मग दोन बॅचचे अवयव एकाच पिंपात जातात आणि तिथंच घोटाळा होतो. वहीतली पानं दोन, पिंप एक, आकडा कुठल्याच पानाशी जुळत नाही. चार-दोनचा फरक पडला तरी सही करणारा हात आखडता घेतो, आणि त्याचंही चूक नाही. बॅच वेगळी, नर-मादी वेगळे, पिंपावर पकडल्याची आणि ऑपरेशनची तारीख, एवढं पाळलं तर मोजणी एका सकाळचं काम आहे. मला या सगळ्यात राग आला तो या एका सकाळीचा. एवढ्यासाठी महिने जातात!

तेव्हा ‘गाडी कधी येणार’ हे विचारणं सोडा. ‘मागची मोजणी कुठल्या तारखेला झाली’ हे विचारा, लेखी विचारा. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो, उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. कर्नाटकात अर्ज 150 शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा लागतो. कुत्री, कचरा आणि गटार एकाच अर्जात घातलंत तर परत येईल. तीनच गोष्टी मागा: देखरेख समितीच्या मागच्या बैठकांच्या तारखा, शेवटच्या मोजणीच्या दाखल्याची प्रत, त्यावर बिल मंजूर झाल्याची तारीख. कोरी तारीख लेखी द्यायला कोणाला आवडत नाही. माझ्या बाबतीत उत्तराच्या आधी बैठक लागली. प्रत तालुक्याच्या पशुसंगोपन सहायक संचालकांनाही द्या, कारण त्यांचा माणूस नगरपालिकेच्या हाताखाली नसतो आणि त्याच्यासाठीच तारीख पुढं जाते. नगरसेवकाच्या फोननं गाडी एखाद्या गल्लीतून दुसरीत वळते, मोजणी होत नाही.

हे सगळं कधी करायचं तेही महत्त्वाचं. भाद्रपदात कुत्री माजावर येतात, पोटात पिल्लं साधारण 63 दिवस राहतात, म्हणजे दिवाळीच्या पुढंमागं गल्लीत पिल्लं. अर्ज उन्हाळ्यात टाका. ज्येष्ठ-आषाढात माद्या उचलल्या गेल्या तर एक वेत वाचतं. पुढं गेलं की पाजणारी मादी आणि सहा महिन्यांच्या आतली पिल्लं पकडत नाहीत, ती सगळी पुढच्या फेरीला राहतात.

गाडी पहाटे येते. आदल्या रात्री शिळं-पाकं टाकू नका, कुत्री पोट भरली की जवळ येत नाहीत, आणि ऑपरेशनला पोट रिकामंच लागतं. रोज खायला घालणाऱ्या मावशी हजर असल्या तर निम्मी कुत्री जाळ्याशिवाय हातात येतात. चिमटा किंवा तारेचा फास दिसला तर तिथंच थांबवा, जाळं किंवा हात अशी इजा न करणारी पद्धतच चालते. प्रत्येक कुत्र्याचा खांब, दुकान, देऊळ असं काहीतरी मागं घेऊन फोटो काढा आणि गळ्यातल्या पट्ट्याचा नंबर त्याच्यापुढं लिहा. हा फोटो नसेल तर तुमची कुत्री चार गल्ल्या पलीकडं सुटतात, तिथली तुमच्याकडं येतात आणि रात्रभर मारामारी चालते. लोक म्हणतात नसबंदीनं कुत्री चिडखोर झाली. चिडखोर नाही, परक्या गल्लीत पडलेली असतात.

सोडताना टाका कोरडा आहे का बघा. ओला, सुजलेला किंवा वास येणारा असेल तर घेऊ नका, परत गाडीत चढवा, उघड्यावर त्यात अळ्या पडायला वेळ लागत नाही. नसबंदी झाल्याची खूण म्हणून कानाला खाच आहे का तेही बघा. खाच नसलेलं कुत्रं पुढच्या फेरीला परत उचललं जातं, भूल दिली जाते आणि मग कळतं की काढायला आत काही नाही.

नसबंदी एकदाच, रेबीजची लस मात्र दरवर्षी. गल्लीतल्या 70 टक्के कुत्र्यांना ती टोचलेली हवी. हे नगरपालिका आठवणीनं करत नाही, फोटोंच्या त्याच यादीवर तारीख टाकून पुढच्या वर्षीचा अर्ज आत्ताच टाईप करून ठेवा.