तुम्ही विचारलंत म्हणून: आजीची आठवण आणि मारबत

आजीच्या पुण्यतिथीला घरी काही न करता, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे नागपूरच्या इतवारीतल्या गर्दीत का शिरतो, असे नव्या सुनांच्या माहेरची मंडळी नेहमी विचारतात.

मारबत म्हणजे गावाची इडापीडा घेऊन जावी म्हणून मिरवत नेऊन जाळला जाणारा बाईचा मोठा पुतळा. नागपुरात काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून निघते. काळी म्हणजे इंग्रजांना मिळालेली भोसले घराण्यातील बाकाबाई, असे जुनी माणसे सांगतात. आजीला मात्र या इतिहासापेक्षा त्या दिवशी रस्त्यावर उभे राहून ओरडायला मिळते याचेच अप्रूप होते. महाल भागातल्या ज्या घरात सासऱ्यांसमोर आवाज चढवण्याची सोय नव्हती, त्या घरच्या सुनेने ‘इडा पीडा, खोकला, रोगराई घेऊन जा गे मारबत’ अशी आरोळी दिली, तरी त्या एका दिवशी तिला कोणी नावे ठेवत नसे. पुढे त्या आरोळीला तिने घरच्या पीडाही जोडल्या: आजोबांची तपकीर, धाकट्या काकांचे गणित, भाडेकरूचे थकलेले भाडे आणि एकदा तर शेजारीच उभ्या असलेल्या नणंदेचा लांबलेला मुक्काम. नणंदही हसल्या म्हणतात. मला शंका आहे.

त्याच संध्याकाळी तान्हा पोळा असे. मुले लाकडी बैल घेऊन दारोदार बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, मागत, आणि सत्तरी उलटल्यावरही आजी काकांचा एका शिंगाचा जुना बैल दोरीने ओढत आमच्या रांगेत उभी राही. पैसे कमी मिळाले तर ‘बैल म्हातारा आहे, खातो जास्त’ म्हणून हुज्जत घाली.

शेवटच्या वर्षी तिला जिना उतरवेना, म्हणून तिने मला ओरडायच्या गोष्टींची चिठ्ठी लिहून दिली. पहिल्या ओळीत आई तिला रोज पाजत असलेला कारल्याचा रस होता, आणि शेवटच्या ओळीत ‘हे अंथरूण’ एवढेच. रस मी घसा बसेपर्यंत ओरडलो, शेवटची ओळ मात्र माझ्याने ओरडवली नाही. घरी आल्यावर तिने सगळे म्हटलेस ना असे विचारले, तेव्हा मी हो म्हणालो. पंधरवड्याने ती गेली.

तेव्हापासून आम्ही जातो. मागच्या पोळ्याला माझ्या सुनेने, मी शेजारीच उभा असताना, ‘सासऱ्यांचे पहाटेचे सुप्रभात मेसेज घेऊन जा गे मारबत’ अशी खणखणीत आरोळी दिली.