हिरव्या झग्यातली बाई

लंडनच्या नॅशनल गॅलरीत तिकीट लागत नाही, त्यामुळे भारतातून कुणीही आलं की मी त्यांना थेट यान व्हान आयक या चित्रकाराच्या 'आर्नोल्फिनी पोर्ट्रेट'समोर नेऊन उभं करते. १४३४ सालचं, ओकच्या फळीवरचं, जेमतेम ८२ बाय ६० सेंटिमीटरचं चित्र. एक व्यापारी, शेजारी त्याची बायको, तिचा हिरवागार झगा पोटाशी फुगलेला.

आपल्या बायकांचा निकाल तयारच असतो. "दिवस गेलेत हिला. सातवा तरी असेल." यंदा आलेली मावशी तर हिरवा रंग बघून डोहाळजेवणापर्यंत पोचली आणि खिडकीतली संत्री तिने ओटीत जमा धरली. (हे चित्र रंगवलं गेलं त्या ब्रूजमध्ये, म्हणजे आजच्या बेल्जियममधल्या शहरात, तेव्हा संत्री म्हणजे बाहेरून येणारी महागडी चीज. नागपूरकरांना काय त्याचं कौतुक!)

हा अंदाज मात्र बहुतेक अभ्यासकांना मान्य नाही. घेरदार झग्याचा घोळ तेव्हा असाच उचलून पोटाशी धरत. व्हान आयकने १४३७ मध्ये रंगवलेली संत कॅथरिनही अशीच दिसते, आणि ती तर कुमारिका. माझ्या इटालियन सहकारिणीच्या घरी कापडाचा धंदा; तिला पोट दिसलंच नाही, दिसलं ते किती वार कापड लागलं असेल ते. आर्नोल्फिनी घराणंही इटलीतल्या लुक्काच्या कापड-व्यापाऱ्यांचं, त्यांना हे ऐकून बरं वाटलं असतं.

पण मावशीने आणखी काही हेरलं. काढून ठेवलेली लाकडी पादत्राणं आणि भरदिवसा झुंबरात जळणारी एकच मेणबत्ती. "काहीतरी कार्य आहे घरात. चपला काढल्यात, दिवा लावलाय." १९३४ मध्ये एर्विन पानोफ्स्की या बड्या कला-इतिहासकाराने जवळजवळ हेच मांडलं होतं: पवित्र जागा, देवाचं सान्निध्य, म्हणजे हा विवाहविधी. त्याच्या पाठीशी बायबल होतं, मावशीच्या पाठीशी देवघर.

पुढे कागदपत्रांत निघालं, की ज्या आर्नोल्फिनीचं हे लग्न समजत होते, त्याचं लग्न झालं १४४७ मध्ये. व्हान आयक तर १४४१ मध्येच वारला. मग त्याच्या चुलतभावाचं नाव पुढे आलं. त्याची बायको १४३३ पर्यंत गेलेली होती, म्हणून काहीजण हे स्मृतिचित्र मानतात. नवऱ्याच्या बाजूची मेणबत्ती जळतेय, तिच्या बाजूला नुसते मेणाचे ओघळ.

"मग हिरवा बरोबरच की," मावशी म्हणाली. "अहेव गेली ना ती."

ब्रूजमध्ये हिरव्याचा असा अर्थ कुणी लावत असेल, असं मला वाटत नाही. तसं मी तिला म्हटलंही. तिचं लक्ष तोवर कुत्र्याकडे गेलं होतं.