आवलीचं काय?

गरुड तुकोबांना घेऊन वर निघाला, आजीनं हात जोडले आणि लगेच म्हणाली, "ह्यो गेला वर, आता पोरांचं कोण बघायचं रं?"

मी हसलो. प्रभातचा 'संत तुकाराम', १९३६ चा. (प्रभात १९२९ ला आपल्या कोल्हापुरातच सुरू झाली आणि १९३३ ला पुण्याला गेली, हे आजी दरवेळी ऐकवते, घरातलं भांडं कुणी नेल्यागत.) कितव्यांदा बघतीय देव जाणे, पण आवली पायताण घेऊन देवळात शिरते तिथं अजून पदर तोंडाला लावून खुदखुदते.

पिक्चर संपला, आजोबांच्या फोटोपुढची वात सारखी केली आणि दूध तापवायला निघाली. म्हटलं आज्जे थांब, मी बघतो.

"बस तू. रोजचंच हाय."