तुम्ही विचारलंत म्हणून : एका उडीवरून पायांची ताकद कशी कळते?

वडोदऱ्यात दांडिया बाजाराजवळ आमचा खो-खोचा सराव चालतो. मुलांना सोडायला येणारे पालक भिंतीवरच्या खडूच्या खुणा पाहून हमखास विचारतात, "सर, ताकद पाहायची तर बैठका मोजा की! एका उडीवरून काय कळणार?"

शंभर बैठकांवरून दम कळतो. परंतु खो मिळताच उसळून निघणाऱ्या खेळाडूला सगळा जोर सेकंदाच्या काही अंशात जमिनीवर लावावा लागतो आणि जागच्या उडीत नेमके तेच घडते. पाय सुटताना शरीराला जितका वेग मिळेल, तितकीच उंची गाठता येते. अमेरिकेतील डडली सार्जंट यांनी 1921 मध्ये मांडलेली ही चाचणी आजही प्रचलित आहे, कारण तिला भिंत, खडू आणि टेप यांपलीकडे काही लागत नाही. भिंतीला कूस लावून, टाचा न उचलता, हात पूर्ण ताणून पहिली खूण करायची. मग जागेवरूनच उडी मारून दुसरी. दोहोंमधले अंतर म्हणजे उडी.

सारी मेख पहिल्या खुणेत आहे. मुले तिथे खांदा चोरतात आणि दोन-चार सेंटीमीटर फुकटात पदरात पाडून घेतात, म्हणून ती खूण मी स्वतः उभा राहून करून घेतो. हाताच्या झोक्यानेही उडी वाढते; तेव्हा झोका घ्यायचा की नाही हे एकदा ठरले, की वर्षभर तोच नियम. मोबाइलवरची मोजणी हवेतल्या वेळावरून होते : अर्ध्या सेकंदाला सुमारे 31 सेंटीमीटर, 0.6 सेकंदाला 44. उतरताना गुडघे दुमडले तर हा वेळ लांबतो आणि न मारलेली उडी पदरी पडते. मला खडूच बरा वाटतो.

एका उडीपेक्षा दोन उड्या अधिक सांगतात. एक, गुडघे वाकवून क्षणभर थांबून मारलेली. दुसरी, झटकन खाली बसून त्याच लयीत वर झेपावलेली. दुसरीत वर निघण्यापूर्वीच स्नायू ताणले जाऊन जोर धरतात, त्यामुळे ती सहसा उंच जाते. दोहोंत फारसा फरक नसेल, तर मुलाला तो ताण वापरता येत नाही असे मी समजतो आणि त्याला दोरीवरच्या उड्या वाढवून देतो. थांबून मारलेलीच तोकडी असेल, तर मात्र तुमच्या बैठकाच कामी येतात.

"चांगली उडी किती?" याला वाढत्या वयात एक आकडा सांगता येत नाही. 40 किलोचा मुलगा 46 किलोचा झाला आणि उडी 35 सेंटीमीटरच राहिली, तर आई-वडील हिरमुसतात. वास्तविक तो तेवढ्याच उंचीवर 15 टक्के अधिक वजन उचलत असतो. म्हणून वहीत उडीच्या शेजारी त्या दिवशीचे वजनही लिहून ठेवतो.