पित्ताची कॅप्सूल आणि थांबलेली पाळी

गणपतीची चवथ जवळ आली की आमच्या डिचोलीच्या घरात बायकांच्या तारखांचे हिशेब सुरू होतात. सासूबाईंनी विचारलं, "तुझी तारीख कधी गो?" मी गप्प. जूनपासून पाळी आलीच नव्हती आणि घरी केलेली गर्भचाचणी दोनदा निगेटिव्ह आली होती.

पहिल्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. रक्तस्राव झाला, ते म्हणाले, झालं ठीक. पुढचे दोन महिने पुन्हा काही नाही. त्या गोळ्या पाळी आणतात, पण ती का थांबली ते शोधत नाहीत, हे कुणी सांगितलं नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

मग कदंबच्या बसने म्हापशाला, स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. सोनोग्राफी आणि थायरॉईड चांगलं निघालं. प्रोलॅक्टिनचं रक्त सकाळी, शांत बसून द्यायचं, कारण ताणानेही ते वाढतं. माझं आलं 92. साधारण 25 च्या आत हवं.

बाळंतपणानंतर अंगावर दूध आणणारं हे संप्रेरक. ते वाढलं की मेंदूकडून बीजकोशांना जाणारा निरोप मंदावतो, बीज तयार होत नाही, पाळी थांबते. छातीतून कधीकधी पांढरट थेंब यायचा. लाजेने मी कुणाला बोलले नव्हते.

"रोज कुठलं औषध घेता?"

"काही नाही."

पित्ताची कॅप्सूल मला औषध वाटतच नव्हती! शाळेच्या धावपळीत दीड वर्ष जुन्या चिठ्ठीवर घेत होते. पर्समधली पट्टी बाईंनी उलटी करून वाचली: पॅन्टोप्राझोल आणि लेव्होसल्पिराइड. यातलं दुसरं औषध प्रोलॅक्टिन वाढवतं. पित्ताच्या काही कॅप्सूलमध्ये असतं ते डोमपेरिडोनही तसंच.

ती कॅप्सूल बंद करून साधं पॅन्टोप्राझोल दिलं, तेही थोडेच दिवस. चार आठवड्यांनी पुन्हा रक्त; उतरलं नाही तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा एमआरआय. तिथे गाठ असली तरी प्रोलॅक्टिन वाढतं, आणि बहुतेकदा ती गोळ्यांनीच आटोक्यात येते, असं त्यांनी समजावलं. तरी ते चार आठवडे मला झोप नव्हती.

आकडा आला 14. अकरा दिवसांनी तिसरीच्या वर्गात पाढे घेताना ओटीपोटात ओळखीची कळ आली. डोळे भरून आले.

घरी सासूबाईंच्या डब्यातही तीच कॅप्सूल सापडली. उतारवयात त्यातलं लेव्होसल्पिराइड फार दिवस घेतलं तर हात थरथरायला लागू शकतात. शनिवारी त्यांना, पट्टीसकट, डॉक्टरांकडे नेणार आहे.