साध्या स्प्रिंगा का बसवत नाही, असे तुम्ही विचारलेत म्हणून

माझ्या 1965 सालच्या मॉरिस 1100 ला साध्या स्प्रिंगा का बसवून घेत नाही, हे बर्मिंगहॅममधल्या मराठी मित्रांनी मला इतक्या वेळा विचारले आहे की एकदाच लिहून मोकळा होतो.

इंजिन आडवे बसवून गिअरबॉक्स त्याच्या पोटात घालण्याची या गाडीचे रचनाकार ॲलेक इसिगोनिस यांची करामत तुम्हाला ठाऊक आहेच. माझा जीव अडकला आहे तो अभियंता ॲलेक्स मोल्टन यांच्या हायड्रोलॅस्टिकमध्ये, म्हणजे स्प्रिंगांऐवजी रबर आणि द्रव यांवर गाडी तोलणाऱ्या सस्पेन्शनमध्ये. पुढचे चाक उंचवट्यावर चढले की त्याच्यापाशी असलेल्या भांड्यातला द्रव नळीवाटे त्याच बाजूच्या मागच्या भांड्यात ढकलला जातो, मागची बाजूही उचलली जाते आणि गाडी डोलत नाही. तोच द्रव झडपांतून जाताना हेलकावे जिरवतो, म्हणून वेगळे शॉकअब्झॉर्बरही लागत नाहीत. हे 1962 साली, म्हणजे हे मॉडेल बाजारात आले तेव्हा, घरगुती गाडीत!

नळीवरचा गंज मी ऑक्टोबरमध्येच पाहिला होता. तरीही जानेवारीत, रस्त्यांवर मीठ पसरलेले असताना, एसटीच्या वर्कशॉपमध्ये हयात घालवलेल्या बाबांना गाडीची चाल दाखवण्याच्या हौसेपायी मी ती बाहेर काढली. परतताना डावीकडची नळी फुटली आणि त्या बाजूची पुढची-मागची दोन्ही टोके एकदमच खाली बसली. उरलेले चार मैल आम्ही रबरी ठोकळ्यांवर आदळत, बैलगाडीच्या वेगाने कापले. कंबरदुखी असलेले बाबा वाटेत एक शब्द बोलले नाहीत. दारात उतरल्यावर कमरेवर हात ठेवून एवढेच म्हणाले, “एक नळी गेली की दोन चाकं बसतात. मग ह्यात हुशारी ती कसली?” मी त्यांच्या एसटीच्या पाट्यांच्या स्प्रिंगांवरून काहीतरी खोचक बोललो. ते बोलायला नको होते.

गंजाकडे दुर्लक्ष माझे, हे मान्य. पण जी जोडणी गाडीला समतोल ठेवते तीच दोन्ही चाके एकदम बसवते, हे बाबांचे म्हणणे मला तेव्हाही खोडता आले नाही आणि आजही येत नाही. त्याच रात्री मी स्प्रिंगांच्या किमती काढल्या होत्या. या रचनेत खोट नाही असे तुम्हाला छातीठोकपणे सांगणारा मी, ही गोष्ट तुमच्यापासून लपवून होतो.

शेवटी नळीच नवी घातली. गाडी पुन्हा लोण्यासारखी चालते. गेल्या उन्हाळ्यात बाबा आले तेव्हा मात्र त्यांना आणायला मी शेजाऱ्याची गाडी मागून नेली.