तुरीच्या दीड हजार दाण्यांची आफ्रिका

मंडळी, मागच्या वर्षी वर्धा-पैनगंगेच्या खोऱ्याचा उठावाचा, म्हणजे डोंगर-दऱ्या उंचसखल दाखवणारा, नकाशा संपवला, तेव्हापासून हात शिवशिवत होते. यंदा कापूस लवकर आटोपला आणि बैलजोडी विकल्यापासून कोठा रिकामाच आहे. म्हटलं, आता आफ्रिका. थर्माकोलची नाही, मातीची. आणि भिंतीवर नाही, भुईवर, म्हणजे चारी बाजूंनी फिरता येतं.

संक्रांतीचा आठवडा

माप धरलं १ सेंटीमीटरला ४० किलोमीटर. उत्तर-दक्षिण सुमारे ८,००० किलोमीटरचं खंड दोन मीटरांत बसतं. कोठ्यातली गव्हाण तोडावी लागली. किनारा चौकटी पाडून उतरवला. नकाशा मात्र लॅम्बर्टच्या समक्षेत्र प्रक्षेपणाचा, म्हणजे ज्यात क्षेत्रफळं खरी राहतात असा, घेतला. शाळेच्या भिंतीवरचा मर्केटर घेतला असता तर ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. खरं पाहता आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. पुढे मला तुरीच्या दाण्यांनी माणसं पेरायची होती, म्हणून क्षेत्रफळात लबाडी नको होती. या मापाने आपला अख्खा विदर्भ तळहाताएवढा होतो. खंडावर तो ठेवून पाहिला, हसू आलं.

उंचीला १ सेंटीमीटर म्हणजे ५०० मीटर. म्हणजे उभं माप ८० पट फुगवलंय, हे आधीच कबूल करतो. न फुगवता केलं असतं तर ५,८९५ मीटरचा किलिमांजारो जेमतेम दीड मिलिमीटर उठला असता. तुरीच्या दाण्याहून बुटका.

फेब्रुवारी, माती

इथे मी मूर्खपणा केला. वावरातलीच काळी माती चाळून, भिजवून थापली. चार दिवसांत वाळली आणि सहाराच्या मधोमध बोट जाईल अशा भेगा पडल्या. माय दारात उभी राहून बघत होती.

"काय करून रायला बाप्पा हे? काया मातीनं लिपते काय कोनी? पांढरी आन गावठानातली, त्यात कुटार टाक, शेन टाक."

ऐंशीच्या घरातल्या बाईला जे कळतं ते मला कळलं नाही. काळी पिकवायला, पांढरी राहायला. सगळं उकरून पुन्हा पांढरी माती, तुरीचं बारीक कुटार, म्हणजे भुसा, आणि शेण असा काला केला. दहा दिवस मुरवला. एक भेग नाही.

उकरलेली काळी माती मात्र फेकली नाही. आपल्यासारखीच भेगाळणारी काळी माती आफ्रिकेतही आहे, इथिओपियाच्या पठारावर आणि सुदानच्या गेझिरात. इथिओपियाचं पठारही दख्खनसारखंच लाव्ह्याच्या थरांचं, फक्त आपल्यापेक्षा तरुण. आपला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, त्यांचा सुमारे तीन कोटी. गेझिरा म्हणजे खार्टूमच्या दक्षिणेला निळी आणि पांढरी नाईल यांच्यामधला सपाट पट्टा. १९२५मध्ये सेन्नार धरण झालं, कालवे निघाले आणि इंग्रजांनी तिथे कापूस पेरायला लावला. काळी माती, कापूस, इंग्रज. पुढचं आपल्याला कोणी सांगायला नको. तेवढ्या दोन ठिकाणी काळ्या मातीचा पातळ हात दिलाय, भेगांसकट.

होळीच्या आसपास

आकार आता दिसायला लागला. आफ्रिका पर्वतांचं खंड नाही, पठारांचं आहे, हे वाचलेलं होतं. हाताने थापताना कळलं. उत्तरेला अ‍ॅटलास, दक्षिणेला ड्रेकेन्सबर्ग सोडले तर लांब रांगा फारशा नाहीत. आपल्या सह्याद्रीसारखा कडा मात्र अनेक ठिकाणी किनाऱ्याच्या जवळ आहे, आणि नद्या शेवटच्या टप्प्यात धबधबे घेत उतरतात. कांगोचं खोरं करायला तर परात दाबली आणि काढून घेतली, झालं. ती नदी विषुववृत्त दोनदा ओलांडते, पाण्याला तोटा नाही. पण किन्शासाच्या खाली इतके प्रपात आहेत की समुद्रातलं जहाज आत येऊ शकत नाही. नायजर त्याहून विक्षिप्त. गिनीच्या डोंगरात, अटलांटिकपासून २४० किलोमीटरवर जन्मते, समुद्राकडे पाठ करून वाळवंटाच्या तोंडापर्यंत जाते, टिंबक्टूपाशी वळते आणि ४,१८० किलोमीटर भटकून नायजेरियात समुद्राला मिळते. तिच्यासाठी सुताडा ओला करून दाबला. तीनदा उसवला.

खचदरीने, म्हणजे जमीन खचून झालेल्या लांब दरीने, सर्वांत जास्त वेळ खाल्ला. टांगानिका सरोवराचं पाणी समुद्रसपाटीपासून ७७३ मीटरवर आहे, खोली १,४७० मीटर. म्हणजे तळ समुद्रसपाटीच्याही खाली सुमारे ७०० मीटर. माझा पाया एक सेंटीमीटरचा. शेवटी कोठ्याची भुई खुरप्याने कोरली. शेजारचं व्हिक्टोरिया ६८,८०० चौरस किलोमीटर पसरलेलं, पण खोली ऐंशी मीटरच्या आसपास. दीड मिलिमीटरचा नुसता लेप.

सहारावर वर्धेची वाळू पसरली आणि फोटोही काढले. मग कळलं की सहाराचा साधारण चौथाच भाग वाळूचा आहे. उरलेलं खडकाळ पठार आणि गोटे. तीन चतुर्थांश वाळू हाताच्या पंख्याने उडवून काढली. डोळे दोन दिवस लाल.

एप्रिल, दुपारी बाहेर निघायची सोय नाही

आता माणसं. एक तुरीचा दाणा म्हणजे १० लाख माणूस. खंडाची लोकसंख्या दीड अब्जाच्या घरात, म्हणजे दाणे दीड हजार. निवडून वजन केलं तर पावभरही भरले नाहीत. आफ्रिकेत माणसं मावेनात असं बोलणाऱ्यांच्या हातात हे दाणे द्यावेत आणि म्हणावं, पसर. भारतापेक्षा थोडीच जास्त माणसं, आणि जमीन नऊपट.

पण सारखे पसरतच नाहीत, गंमत तिथेच आहे. इजिप्तचे ११० दाणे घेतले. तिथली जवळपास सगळी वस्ती नाईलच्या काठाने आणि त्रिभुज प्रदेशात. खोरं माझ्या नकाशात अर्ध्या सेंटीमीटरहूनही अरुंद. दाणे एकामागे एक मुंग्यांसारखे लावले, तरी निम्मे हातात उरले. ते कैरोच्या उत्तरेला रास करून ठेवले. बाजूला शेकडो किलोमीटर एक दाणा नाही.

नामिबियाला तीन दाणे. २०२३च्या जनगणनेत ३० लाख माणसं, जागा सव्वाआठ लाख चौरस किलोमीटर. आमच्या एका यवतमाळ जिल्ह्यात २०११ला २७ लाख ७२ हजार होती. आणि रुआंडाला तेरा दाणे, देश केवढा, तर दोन यवतमाळ जिल्ह्यांएवढा. दोन्ही देश आफ्रिकाच. 'आफ्रिकेत कसं असतं' असं कोणी विचारलं की मी आता रुआंडा आणि नामिबियावर एकेक बोट ठेवतो.

एरवी जे लक्षात आलं नसतं ते दाणे लावताना आलं: पूर्व आफ्रिकेत माणसं डोंगरावर चढून बसलीत. आपल्याकडे सपाटीवर गर्दी आणि मेळघाट विरळ. तिथे खालचा भाग उष्ण, कोरडा, मलेरियाचा. वर थंडावा, पाऊस, कसदार माती. अदिस अबाबा चिखलदऱ्याच्या दुप्पट उंचीवर आहे, नैरोबी १,८०० मीटरच्या आसपास. इथिओपियाचे बहुतेक दाणे त्या काळ्या मातीचा हात दिलेल्या पठारावर गेले, पूर्वेचा सखल भाग जवळजवळ मोकळा.

नायजेरियावर अडलो. २२ कोटींच्या वर धरतात, पण शेवटची जनगणना २००६ची, तेव्हा १४ कोटी. कांगो लोकशाही प्रजासत्ताक, किन्शासावालं, तिथे तर १९८४नंतर गणतीच झाली नाही. म्हणजे माझे तीनशेहून जास्त दाणे अंदाजाचे. हसण्यात अर्थ नाही, आपणही अजून २०११चेच आकडे घेऊन बसलोय, मीही वर तेच केलं.

कैरोच्या राशीचं म्हणाल तर ती कोंबडीने खाल्ली. दार उघडं राहिलं होतं. एकेक लावलेले दाणे तिला दिसले नाहीत, रास दिसली. मग धावड्याचा डिंक भिजवून सगळे पक्के केले. सूचना: डिंक पातळ ठेवा, नाहीतर पांढरी माती पापुद्रा धरून उचलते.

सुतं

भाषांसाठी रंगीत सूत टाकतोय. खंडात दोन हजारांच्या आसपास भाषा, एकट्या नायजेरियात पाचशेच्या वर. तेव्हा भाषा नाही, भाषाकुळं. उत्तरेला आणि शिंगाच्या भागात, म्हणजे सोमालिया-इथिओपियाकडे, आफ्रो-आशियाई: अरबी, बर्बर, अम्हारी, सोमाली आणि नायजेरियाच्या उत्तरेतली हौसासुद्धा. पश्चिमेपासून दक्षिणेपर्यंत नायजर-कांगो. त्यातल्या बांटू भाषा नायजेरिया-कॅमेरून सीमेकडून चार-पाच हजार वर्षांत शेतकऱ्यांबरोबर खाली सरकत गेल्या. मसाई, लुओ, डिंका हे तिसरं कूळ, नायलो-सहारन. चौथं सूत 'खोइसान' म्हणून जीभ टाळ्याला लावून टक् करणाऱ्या भाषांचं आणलं, तर अभ्यासक आता ते एक कुळ मानतच नाहीत, तीन वेगळी म्हणतात. एका रंगाचं सूत पुरतं कुठे, पुन्हा यवतमाळला जाणं आलं.

मादागास्कर तर वेगळंच. आफ्रिकेला चिकटलेलं दिसतं, पण मलागासी भाषेचे जवळचे नातेवाईक हिंदी महासागरापलीकडे बोर्निओत. ती बोलणारे लोक होड्यांतून आले आणि सोबत भातशेतीही आणली.

पुतण्या म्हणाला, "काका, येवढ्या भाषा? कसं जमते त्याईले?" आमच्या गावाला लागून कोलाम आदिवासींचा पोड, म्हणजे पाडा, आहे. त्याला म्हटलं, पोडावर कोलामी, पलीकडे गोंडी, घरात वऱ्हाडी, शाळेत मराठी. मेळघाटात कोरकू, तिची सोयरीक मुंडा भाषांशी. बुलढाण्याकडे निहाली, तिची कोणाशीच नाही. आपल्याला कसं जमतं? तो थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने स्वाहिलीचे शब्द मागितले. चाय, दुका म्हणजे दुकान, रांगी म्हणजे रंग, गारी म्हणजे गाडी. दोन दिवस घरात "गारी कुठे ठेवली" चालू होतं.

मायला मात्र एकच गोष्ट पटली नाही. सुदानवर बोट ठेवून सांगितलं की ज्वारी मूळची या बाजूची, बाजरी सहाराच्या दक्षिण काठची, चवळीही आफ्रिकेतलीच. "ज्वारी आपली हाये," एवढंच म्हणाली आणि भाकरी करायला गेली. नंतर संध्याकाळी कोणी नाही असं बघून तिने सुदानवर चार ज्वारीचे दाणे ठेवलेले दिसले. ते मी काढले नाहीत, माप बिघडलं तरी.

आता

राहिलंय ते: देशांच्या सीमा. टाकाव्यात की नाही ठरत नाही. बऱ्याचशा १८८४-८५च्या बर्लिन परिषदेनंतरच्या वाटपात आखल्या गेल्या, आणि माझी सुतं त्यांना जागोजागी कापून जातात. कोणी दाण्यांच्या नकाशावर सीमा दाखवल्या असतील तर कसल्या, ते कळवा. तांबडा दोरा मला फार ठसठशीत वाटतो.

आणि रोहिणी लागायच्या आत कवेलू फेरायचेत. एक फुटलेलं आहे, नेमकं कांगोच्या परातीवर.